पांगाऱ्याच्या तीन रांगा

माझा स्वभाव संशयी. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी चहाडी करायला नको. दूधवाला जरा गोड बोलला की मी भांड्यात बोट बुडवून बघते. शेजारीण न मागता लोणचं घेऊन आली, तर तिचं आपल्याकडे काय काम असेल ह्याचा विचार करत मी बरणी हातात घेते. पापडीला माहेरी होते तेव्हा आई म्हणायची, ही कार्टी प्रसादाचा नारळसुद्धा कानाशी धरून हलवून बघेल. बघायचेच मी. आणि सांगते, दोनदा तो नासका निघाला होता.

लग्न होऊन बोळिंजला आले ते स्वातंत्र्याच्या थोडं आधी. सासरची वाडी चांगली होती. केळी, पानवेल, थोडी वांगी-मिरची, विहिरीवर रहाट, आणि घरात माणसं अगदी मोजकी. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. मामंजी, माझे यजमान आणि मी. पुढं दोन वर्षांनी मुलगा झाला. मामंजी कडक होते पण मला त्यांनी कधी वाईट वागवलं नाही. घरात बाई नाही म्हणून किल्ल्या पहिल्याच महिन्यात माझ्या हातात दिल्या. मी त्या घेतल्या आणि त्याच दुपारी सगळ्या पेट्या उघडून बघितल्या.

वाडीच्या पूर्वेला कुंपण होतं आणि कुंपणापलीकडं तेल्यांची जागा. तेल्यांची म्हणजे इस्रायली, ज्यू धर्माच्या तेल्यांची. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. कधीकाळी त्यांची चार-पाच घरं होती म्हणे. मी आले तेव्हा एकही उरलं नव्हतं. कुणी मुंबईला गिरणीत लागलं, कुणी रेल्वेत, कुणी पलटणीत. घाण्याची जागा कुणीतरी विकत घेऊन तिथं गोठा बांधला. राहिलं होतं ते त्यांचं कबरस्तान. वीसेक दगड असतील, काळे, काही उभे, काही आडवे पडलेले. काहींवर आपली अक्षरं, काहींवर दुसरीच, चौकोनी चौकोनी. वर घाणेरी माजलेली, मधे कोरफड. गावातल्या शेळ्या तिथंच चरायच्या. अर्नाळ्याहून सुकी मासळी घेऊन येणाऱ्या बाया टोपल्या उतरवून तिथल्या चिंचेखाली बसायच्या, पान खायच्या, आणि पिंक टाकायला त्यांना दगडच सापडायचा. कुणाला काही वाटायचं नाही. मलाही नाही. मेलेली माणसं परक्याची असली की त्यांचा धाक वाटत नाही, एवढं खरं.

ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा माघ चालू असेल. पांगारे लालभडक फुलले होते. आमचं कुंपण पांगाऱ्याचं, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आमच्याकडं कुंपणाला सुक्या लाकडाची मेलेली मेढ लावत नाहीत. पांगाऱ्याच्या जाड फांद्या तोडून पावसाच्या तोंडावर जमिनीत ठोकायच्या. पाऊस पडला की त्यांना मुळं फुटतात, आणि तीन-चार वर्षांत कुंपणाची झाडं होतात. काटे असतात, गुरं येत नाहीत. आणि झाड मोठं झालं की त्याच्यावर पानवेल चढवता येते.

तर मी केळीला पाणी लावत होते आणि पलीकडं हालचाल दिसली. एक बाई, साठीच्या आतबाहेरची, नऊवारी लुगडं, कपाळ रिकामं, हातात बांगडी नाही. तिच्याबरोबर एक पंचवीस-तिशीचा माणूस. पायात बूट, काखेत छत्री, हातात वही. तो एकेका दगडापाशी वाकत होता, धोतराच्या फडक्यानं दगड पुसत होता, आणि वहीत लिहीत होता. बाई एका दगडाला पाठ लावून उभी राहिली आणि आमच्या कुंपणाच्या दिशेनं पावलं मोजत आली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या पावलाला कुंपण आलं. ती थांबली. परत गेली. पुन्हा मोजत आली. पुन्हा पाच.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चुकचुकली काय, ओरडायलाच लागली! दिवसच तसे होते. कुळांचा कायदा आला होता, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी जमीन एके जमीन. कोण कुणाच्या नावावर काय लावून घेईल ह्याचा नेम नव्हता. भाऊ भावाच्या मागं तलाठ्याकडं जात होता. अशात एक माणूस वही घेऊन येतो, एक बाई पावलं टाकत जमीन मोजते, आणि मी म्हणायचं काय, की हवा खायला आले असतील?

मी पाणी तसंच सोडून घरात धावले. मामंजी ओटीवर सुपारी कातरत होते.

“मामंजी, तेल्यांच्या जागेत मोजणी चाललीय.”

त्यांचा अडकित्ता थांबला. “कोण आहे? सरकारी माणूस?”

“एक बाई आहे. आणि एक वहीवाला.”

मामंजी उठले नाहीत. मला वाटलं होतं ते ताडकन उठतील. ते नुसते म्हणाले, “नजर ठेव. बोलायला जाऊ नकोस.” आणि सुपारी पुन्हा कातरायला लागले, पण खांड इतकी बारीक व्हायला लागली की तिची भुकटीच झाली. ते मी बघितलं आणि लक्षात ठेवलं.

नजर ठेव म्हणणं म्हणजे मला सण. पुढच्या रविवारी ती दोघं परत आली. त्याच्या पुढच्याही. शनिवारी कधी नाहीत, इतर दिवशी नाहीत, बरोब्बर रविवारी. मी अर्थ लावला की रविवारी कचेरी बंद असते, आपण तक्रार करायला गेलो तर कुणी भेटू नये म्हणून हा डाव. शनिवार त्यांना पाळायचा असतो आणि रविवारी त्या माणसाला सुटी असते, इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. संशय एकदा घरात शिरला की साध्या गोष्टीला बसायला पाट मिळत नाही.

आणखी एक बघितलं. निघताना बाई खाली वाकायची, चिमूटभर गवत उपटायची आणि मागं न बघता खांद्यावरून पाठीमागं टाकायची. मग तांब्यातल्या पाण्यानं हात धुवायची आणि मगच रस्त्याला लागायची. अगं बाई गं! माझ्या अंगावर काटा आला. ही करणी करते, आमच्या वाडीवर. त्या आठवड्यात केळीचे दोन घड काळे पडले, ते मी तिच्याच खात्यावर टाकले. कुंपणाला लिंबू-मिरची बांधली. यजमान हसले. म्हणाले, “पांगाऱ्याला दृष्ट लागायची राहिली होती.” मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी तिचा तांब्या कलंडला. पाणी सांडलं. ती कुंपणापाशी आली आणि मला हाक मारली.

“बाय, हात धुवायला जरा पाणी देशील?”

बोलणं अगदी आपल्यासारखं. मला उगाच वाटलं होतं की ती काहीतरी वेगळीच भाषा बोलेल. मी कळशी आणली आणि कुंपणावरून, अंग चोरून, तिच्या हातावर पाणी ओतलं. ओततानाच विचारलं, कारण मला राहवेना. “ते गवत कशाला टाकता मागं?”

“मेलेल्यांपाशी जाऊन आलं की टाकायचं,” ती म्हणाली. “वळून बघायचं नाही. तुमच्यात नाही का, स्मशानातून येताना?”

आमच्यातही वळून बघत नाहीत. दारात पाय धुतल्याशिवाय आत घेत नाहीत. पण म्हणून माझा संशय गेला असं नाही. मनात म्हटलं, करणी नसेल, पण मोजणी तर आहे.

“आणि पावलं कसली मोजता?”

मामंजींनी बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं, पण आता झालंच होतं. तिनं मागं हात करून दगड दाखवला. “तो माझ्या सासूचा. तिच्यापासून मावळतीकडं आठ पावलांवर माझा मुलगा आहे. तीन वर्षांचा होता. ताप आला नि चौथ्या दिवशी गेला. लहानग्याला दगड कोण बसवतो? चार चिऱ्याचे तुकडे कडेनं लावले होते. सासूनं मला तेव्हाच पावलं मोजायला लावली. म्हणाली, आत्ता मोजून ठेव, पुढं रडून रडून विसरशील. तीस वर्षं झाली. आठ पावलं पाठ आहेत मला. पण पाचातच तुमचं कुंपण येतं. माझीच काहीतरी गफलत होतेय.”

तिचा तो माणूस, जावई होता तिचा, मागून म्हणाला, “आई, चला आता, गाडी चुकेल.” आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला कळलं, हासुद्धा माझ्याच जातीचा आहे. संशयी. ती गेली. गवताची चिमूट विसरली नाही.

त्या दिवशी मी चूल पेटवायच्या आधी वाडीत गेले. कुंपणापासून आत तीन पावलं टाकली. माझी पावलं तिच्यापेक्षा लांब, म्हणून आखडती टाकली. तिथं पानवेलीचा वाफा होता. जमीन ओली, काळी, कुदळ फिरलेली. चिरा नाही, काही नाही. मला हायसं वाटलं. म्हटलं, बाईची गफलतच आहे.

मग मान वर केली. पानवेल ज्या पांगाऱ्यांवर चढवली होती ते पांगारे माझ्या समोर होते. रोज बघत होते मी ते. पाच वर्षं त्यांच्यावरची पानं खुडत होते. पण ते एका सरळ रेषेत उभे आहेत, कुंपणाला धरून, उत्तर-दक्षिण, हे मी कधी बघितलं नव्हतं. पानवेलीसाठी लावलेले पांगारे चौकात लावतात, चहूकडून हात पोचायला. एका रांगेत कोण लावतो? एका रांगेत कुंपण लावतात.

मी आणखी आत गेले. तिथं आणखी एक रांग. हे पांगारे मोठे, दोन्ही हातांच्या कवेत न मावणारे. म्हणजे तीन रांगा झाल्या. सगळ्यांत आत सगळ्यांत म्हातारे पांगारे. मधे मध्यम. आणि हल्लीचं कुंपण, मांडीएवढ्या बुंध्यांचं. कुंपण चाललं होतं. दोनदा उठून पूर्वेकडं सरकलं होतं, आणि ज्यांच्या जागेवर सरकलं त्यांच्यातलं कुणी उठून बोलणार नव्हतं. जुनं कुंपण तोडायचं कशाला, वेल चढवू, असा हिशेबी विचार करून आमच्या माणसांनी स्वतःच्याच वाडीत साक्षीदार उभे करून ठेवले होते.

सगळ्या जगावर संशय घेतला होता मी, दूधवाल्यावर, शेजारणीवर, प्रसादाच्या नारळावर. घरावर कधी घेतला नव्हता.

मामंजींना मी सरळ विचारलं. ताटावर बसले होते ते. विचारायला नको होतं तेव्हा, पण माझ्या तोंडाला दार नाही.

“मधल्या रांगेतून कुंपण कुणी पुढं नेलं?”

ते घास गिळेपर्यंत थांबले. “मी नेलं. लढाईच्या वेळी. शेवटचं घर बंद करून ते लोक गेले तेव्हा. आतल्या रांगेतून मधलीपर्यंत माझ्या बापानं आणलं होतं.”

“आणि तिथं काय होतं?”

“काय असणार? घाणेरी होती. दोन-चार उंचवटे होते. दगड नव्हते त्यांच्यावर.” मग आवाज चढला. “वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नाही! फुलं नाहीत, झाडलोट नाही. गाढवं लोळत होती. मी तिथं सोनं पिकवलं. आता ही उगवली. तिला काय पाहिजे ते मला कळतं. एक जरी थडगं कुंपणाच्या आत निघालं ना, तर सगळी पट्टी जाईल, वर कोर्टकचेरी. तुझ्या पोराच्या तोंडातला घास जाईल, सूनबाई. विचारलंन, तर कुंपण पहिल्यापासून इथंच आहे म्हणायचं. आणि ह्या वैशाखात मी ते आणखी सरकवणार आहे. त्या दगडांपर्यंत.”

यजमान खाली मान घालून भात कालवत होते. त्यांना माहीत होतं. मला त्यांचाही राग आला.

राग आला तरी मी मामंजींचं ऐकलं. हे मला लपवायचं नाही. आठवडाभर मी स्वतःला पटवलं की म्हातारी लबाड आहे. मुलगाबिलगा सगळी रचलेली गोष्ट. आठ पावलं तीस वर्षं कोण पाठ ठेवतं? वहीवाला जावई खरा, वहीत सर्व्हे नंबर असणार. पोराच्या तोंडातला घास, हे शब्द कानात बसले होते. पोर मांडीवर घेतलं की तेच आठवायचं. आई झाली की बाईचा संशय दुप्पट वाढतो, तसं माझं झालं होतं.

रविवारी मी पोराला कडेवर घेऊन मुद्दाम कुंपणापाशी उभी राहिले. म्हटलं, येऊ दे. ती आली. आज तिनं पावलं मोजली नाहीत. कुंपणाच्या बुंध्यावर हात ठेवला आणि नुसतं विचारलं, “बाय, हे कुंपण आधीपासून इथंच का गं?”

माझ्या मनात आलं, हिला कळलंय. ही मला पकडते आहे. मी नुसतं हो म्हटलं तर हिचा विश्वास बसायचा नाही. खरं म्हणजे तिनं नुसतं विचारलं होतं, रस्ता विचारतात तसं. तिच्या आवाजात काहीसुद्धा नव्हतं. संशय होता तो माझा. आणि मी काय केलं? पोराच्या डोक्यावर हात ठेवला. घट्ट ठेवला. म्हटलं, “ह्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, आजेसासऱ्यांपासून कुंपण इथंच आहे.”

शपथ तिनं मागितलीच नव्हती! कुणी मागितली नव्हती!

तिचा चेहरा एकदम पडला. माझ्यावर रागावून नव्हे, स्वतःवरच. “मग माझंच चुकलं,” ती म्हणाली. “पावलं तेव्हा लहान पडली असतील. सासूनं हात धरून चालवलं होतं मला, शुद्ध होती कुठं?” मग तिनं हात पुढं करून माझ्या पोराच्या गालाला लावला. मी मागं सरकले नाही, सरकायचं विसरले. “शपथा घालू नयेत गं लेकरांच्या,” ती हळूच म्हणाली. “मी तुला खोटी का म्हणणार होते?”

मग बोलत राहिली. त्यांचा नवा देश झाला होता दूर तिकडं. पुष्कळ जण चालले होते. मुलगी-जावई जाणार, नातवंडं जाणार, मग ती एकटी मागं राहून काय करणार? कागद झाले होते. पुढचा रविवार शेवटचा. जावई सगळ्या दगडांवरची नावं लिहून घेत होता, म्हणजे तिकडं गेल्यावर कोण कुणाचं होतं ते पोरांना सांगता यावं. तिनं वही मागून घेऊन मला दाखवली. नावंच होती. ओळीनं, सुवाच्य अक्षरात, अमक्याची बायको, तमक्याचा बाप. एकही सर्व्हे नंबर नव्हता.

“मला काही नको,” ती म्हणाली. “त्याच्या उशाची मूठभर माती न्यायची आहे. जावई म्हणतो आपल्यात असं नेत नाहीत. नसतील नेत. मी नेणार. मी मेले की माझ्या हाताशी ठेवा म्हणून सांगणार. तिकडं मी जाणार, तो इथं एकटा राहणार, माझ्याच्यानं होत नाही गं.”

ती गेली आणि मी पोराला घेऊन केळीत बसून राहिले. मला स्वतःची शिसारी आली. तिला जमीन नको होती, पट्टी नको होती, कोर्ट नको होतं. मूठभर माती हवी होती आणि ती माती माझ्या पानवेलीच्या बुडाशी होती. त्याच आठवड्यात पोराला पडसं झालं. नाक वाहत होतं, बाकी काही नाही. पण मी तीन दिवस त्याला खाली ठेवलं नाही. जरा अंग कोमट लागलं की माझा जीव जायचा. देवापाशी बसून शपथ मागं घेतली, मोठ्यानं, मामंजींना ऐकू जाईल अशी. त्यांनी ऐकलं.

शनिवारी मी यजमानांना सांगितलं, “उद्या मी तिला आत आणणार. घरातून काढायचं तर काढा.” ते कोयता घेऊन गेले आणि कुंपणातली एक फट माणूस जाईल इतकी मोकळी केली. त्यांच्यावरचा माझा राग तिथं गेला. मीही गेले, आणि आत तीन पावलांवरची वेल सोडवून वाफा साफ केला. हातानं माती चाचपताना वीतभर खाली चिऱ्याचा एक तुकडा लागला. कोपरा नीट घडवलेला. मी तो उचलला नाही, पुन्हा माती सारली आणि वर खूण म्हणून केळीचं पान अंथरलं.

ती आली तेव्हा मी पोराला घेऊन पलीकडंच जाऊन उभी होते, त्या दगडांमधे, पहिल्यांदाच. तिच्या हातात स्वच्छ पांढरं फडकं होतं. कुंपणाच्या अलीकडं, पाचव्या पावलाच्या जागी, जावयानं गवत काढून ठेवलं होतं आणि ती तिथं बसायला वाकत होती.

“मावशी, तिथं नाही,” मी म्हटलं. “आत आहे तो. आमच्या वाडीत. तुमची आठ पावलं बरोबर आहेत. कुंपण आम्ही सरकवलं. मी खोटं बोलले. चला, मी दाखवते, चिरा आहे तिथं, मी हातानं बघितलाय.”

एका दमात सगळं बोलले. वाटलं होतं ती रडेल, मला शिव्या देईल, धावत आत जाईल. शिव्यांची मी तयारी ठेवली होती. जावयानं वहीतून मान वर केली. “काल नव्हतं, आज आहे?” तो म्हणाला. “आई, ह्यात काहीतरी पाणी मुरतंय. आपण आत पाय टाकायचा नाही. उद्या म्हणतील आमच्या वाडीत घुसले.” त्याला मी काय दोष देणार? त्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, ह्याहून तिखट म्हटलं असतं.

पण ती त्याच्याकडं बघतच नव्हती. माझ्याकडं बघत होती. “त्या दिवशी लेकराच्या डोक्यावर हात ठेवला होतास ना गं?”

“ठेवला होता. खोटाच ठेवला होता.”

“असं बोलू नये,” ती म्हणाली, आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. “आई लेकराची खोटी शपथ घेत नाही. कुठलीच आई घेत नाही. मला सापडत नाही म्हणून तुझा जीव तुटला, म्हणून आज असं सांगतेस. माझ्या समाधानासाठी स्वतःवर पाप ओढून घेऊ नकोस पोरी.”

“मावशी, देवाशप्पथ सांगते...” मी म्हटलं, आणि माझी मलाच लाज वाटून जीभ आवरली. कुठल्या तोंडानं शपथ घेणार होते मी आता? मी तिचा हात धरून ओढला. “नुसतं येऊन बघा. चिरा बघा.” जावई मधे आला. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली, रागानं नाही, पोराची सोडवतात तशी.

मग ती पाचव्या पावलाच्या जागी बसली. तिथं कुणी नव्हतं. कधीच कुणी नव्हतं, नुसती वाट होती ती, शेळ्यांची. तिनं बोटांनी माती उकरली, गवताची मुळं, खडे वेचून बाजूला काढले, जसे आपण तांदळातले काढतो. मऊ माती फडक्यात घेतली. कपाळाला लावली. काहीतरी म्हणाली, तिच्या प्रार्थनेतलं, आणि शेवटी मराठीत म्हणाली, “चल रे राजा.” मी तिथंच उभी होते. मला ओरडायचं होतं की तो तिथं नाही हो, तुम्ही माझ्या लबाडीची पुडी बांधताय.

उठताना तिनं माझ्याच खांद्याचा आधार घेतला. पोर माझ्या पदराला धरून उभं होतं. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, जिथं मी ठेवला होता तिथंच, आणि म्हणाली, “उदंड आयुष्य होऊ दे ह्याला.” मग चिमूटभर गवत मागं टाकलं, हात धुतले आणि पुडी छातीशी धरून जावयाच्या मागून रस्त्याला लागली. त्यांच्यात वळून बघत नाहीत, तशी तीही बघणार नव्हती. मी मात्र ती दिसेनाशी होईपर्यंत बघत उभी राहिले, आणि मग आत जाऊन त्या केळीच्या पानापाशी बसून पोटभर रडले.